बुद्धिबळाची पोथी

एखादी विद्या पुस्तकावरून शिकावी की अन्य मार्गाने, हा वाद आपल्याकडे नवा नाही. गाणे पोथीवरून येत नाही, पोहणे पोथीवरून येत नाही, आणि पुस्तक समोर ठेवून केलेली पुरणपोळी कशी होते हे ज्याने त्याने आपापल्या घरी विचारून पाहावे. बुद्धिबळाची गोष्ट मात्र काहीशी निराळी आहे. हा सारा खेळ चौसष्ट घरांत आणि बत्तीस मोहऱ्यांत मावत असल्यामुळे तो कागदावर जसाच्या तसा उतरवता येतो. गवयाच्या गळ्यातील मींड कोणाला लिहून ठेवता आलेली नाही. पण १८५८ साली पॅरिसच्या नाट्यगृहात पॉल मॉर्फीने खेळलेला डाव आज छावणीतल्या माझ्या ओसरीवर, एकही खेळी न गाळता, पुन्हा मांडून पाहता येतो. त्यामुळे बुद्धिबळ पुस्तकावरून शिकता येते की नाही, असे आजवर कोणी फारसे विचारीत नसे. आता ते विचारले जाऊ लागले आहे. विचारणारे लोक पुस्तकांचे वैरी आहेत असे मुळीच नव्हे. त्यांच्या खिशात मोबाइल आहे, इतकेच.

माझे स्वतःचे बुद्धिबळाचे शिक्षण पुस्तकाविनाच सुरू झाले. निजामाच्या राज्यात राहून इंग्रजी अमलातील पलटणींसाठी वसलेली ही आमची छावणी खाम नदीपलीकडच्या शहरापासून थोडी फटकून राहिलेली. त्या शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. छावणीत बंगल्यांचे रस्ते सावलीचे आणि निवांत, तर बाजाराच्या गल्ल्या गजबजलेल्या. गुरुवारी आठवडी बाजार भरला म्हणजे आसपासच्या खेड्यांतील माणसे आणि जनावरे यांतून वाट काढणे हीच एक बुद्धिबळाची चाल होऊन बसे. १९६० नंतरच्या त्या दशकात आमच्या भागात बुद्धिबळाचे दोन अड्डे होते. एका ओट्यावर मराठी चाले, दुसऱ्यावर उर्दू. मराठी ओट्यावर कोपऱ्यातल्या मोहऱ्याला हत्ती म्हणत आणि राजा-वजिराशेजारच्या मोहऱ्याला उंट. उर्दू ओट्यावर कोपऱ्यात रुख बसे, आणि फील, म्हणजे खरोखरीचा हत्ती, तो राजा-वजिराशेजारी उभा असे. त्यामुळे ‘हत्ती मारला’ ही वार्ता एका ओट्यावरून दुसऱ्यावर पोचेपर्यंत तिचा अर्थच पालटून जाई. नियम मात्र दोन्हीकडे देशी. प्यादे आरंभीसुद्धा एकच घर चाले. शेवटच्या रांगेत ते ज्या मोहऱ्याच्या घरी पोचेल तेच मोहरे होई. राजाला उभ्या डावात एकदा घोड्याची चाल मिळे. आम्हा मुलांसाठी शिकवणीचा नियम एकच होता, तो म्हणजे तोंड उघडायचे नाही. ‘असे का केले?’ म्हणून धीर करून विचारले, तर उत्तर ठरलेले असे: ‘बघ म्हणजे कळेल.’

बघून पुष्कळ कळले, हे मी नाकारीत नाही. पण ‘का’ ह्या प्रश्नाचे उत्तर जेथे मिळते अशी एक जागा जगात आहे, हे मला प्रथम समजले ते एका वाचनालयातील जीर्ण इंग्रजी पुस्तकामुळे. कापाब्लांकाचे ‘चेस फंडामेंटल्स’ हे ते पुस्तक. १९२१ साली प्रसिद्ध झालेले. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांतील लेखनपद्धती मोठी तऱ्हेवाईक असे. प्रत्येक घराला दोन नावे; पांढऱ्याकडून मोजले तर एक, काळ्याकडून मोजले तर दुसरे. (१९८१ पासून ‘फिडे’ ह्या जागतिक संघटनेने ए ते एच अक्षरे आणि एक ते आठ अंक एवढीच पद्धत मान्य ठेवली, आणि जगभरच्या नवशिक्यांचे दुवे घेतले.) पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात पट जवळजवळ रिकामा होता: एकीकडे राजा आणि हत्ती, दुसरीकडे एकटा राजा. ओट्यावर सदोदित बत्तीस मोहऱ्यांची गर्दी पाहिलेल्या मुलाला तीन मोहऱ्यांचा पट हे एक नवलच वाटले. डाव कसा सुरू करावा हे सांगण्याआधी तो कसा संपतो हे सांगणारा लेखक मला फार शहाणा वाटला, आणि आजही वाटतो.

पुढे पुस्तक वाचण्याची एक रीत हाताला लागली, ती येथे सांगण्याजोगी आहे. थोर खेळाडूचा डाव पटावर मांडीत जावयाचे, आणि पुढील ओळ एस.टी.च्या जुन्या तिकिटाने झाकून ठेवावयाची. आता त्याच्या जागी आपण असतो तर कोणती चाल केली असती, ते मनाशी ठरवावयाचे, आणि मगच तिकीट खाली सरकवावयाचे. दहापैकी आठ वेळा आपली चाल निराळी निघते. मग लेखक सांगतो की त्या थोर पुरुषाने असे का केले. आपल्याला ते पटते किंवा पटत नाही. पटले नाही तर शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या लहान पटावर आपली चाल चालवून पाहावयाची. पहिला पट मात्र हलवावयाचा नाही. एका डावाला अशी दोन-दोन संध्याकाळ लागते. पुस्तकाची सारी किंमत ह्या दिरंगाईत आहे, असे माझे मत आहे. पुस्तकाला घाई नसते. तुम्ही तिकीट सरकवल्याशिवाय ते बोलत नाही, आणि तुम्ही विचार केला नसेल तर ते बोलूनही काही उपयोग होत नाही.

आयर्व्हिंग चेर्नेव्ह ह्या अमेरिकन लेखकाचे ‘लॉजिकल चेस’ हे १९५७ सालचे पुस्तक पाहा. त्यात अवघे तेहतीस डाव आहेत; पण प्रत्येक डावातील प्रत्येक खेळीचे कारण दिले आहे. राजापुढचे प्यादे दोन घरे का टाकावयाचे, हे एकदा सांगून तो थांबत नाही. पुढल्या डावात ते प्यादे पुन्हा हलते आणि तो पुन्हा सांगतो, दर वेळी थोड्या निराळ्या शब्दांत. पंडितांना ह्याचा कंटाळा येतो. आजीने तीच गोष्ट दहाव्यांदा सांगितली म्हणून ज्या मुलाला कंटाळा येत नाही, त्याच्यासाठी ते लिहिले आहे. चेर्नेव्हची सगळीच कारणे खरी आहेत असेही नाही. निमझोविचने १९२५ साली ‘माझी पद्धती’ लिहिली ती मुळी डॉक्टर टाराश यांच्या मतांशी भांडण्यासाठी. पटाचा मध्यभाग प्यादांनी व्यापलाच पाहिजे असा टाराश यांचा आग्रह. तर मध्यभागावर दुरून मोहऱ्यांचा मारा ठेवला तरी चालतो, हा निमझोविचचा पक्ष. दोघेही थोर, आणि दोघांपैकी कोणीही सर्वस्वी बरोबर नव्हता. पण त्यांच्या भांडणात जो वाचक मन घालून बसला, त्याला पटाचा मध्यभाग म्हणजे काय हे जन्मात विसरता येणार नाही. ज्याच्याशी वाद घालता येतो असे चुकीचे कारण, शिकणाऱ्याच्या दृष्टीने, कारण न देता हाती ठेवलेल्या बिनचूक उत्तरापेक्षा अधिक मोलाचे असते.

आपल्या प्रांताचा ह्या ग्रंथसंपदेशी संबंध अगदीच नाही असे कोणी समजू नये. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या पंडिताचे एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. मूळ ग्रंथ संस्कृत, नाव ‘विलासमणिमंजरी’. त्यातील कूटे युरोपीय नियमांना जुळती करून इंग्रजीत आणली होती: अमुक मोहरी अमुक घरांत आहेत, आता मात कशी करावी ते शोधा. आज मोबाइलवर जी ‘पझल’ सोडवीत मुले बसलेली असतात, त्यांचा हा दोनशे वर्षांपूर्वीचा पूर्वज. तेव्हा नव्या साधनात जे नवे म्हणून मिरवते ते सगळेच नवे असते असे नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, पुस्तकांवाचून थोर झालेले खेळाडू नाहीत काय? आहेत, आणि त्यांतील सर्वांत थोर आपल्याच उपखंडातला. पंजाबातील मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला. १९२९ साली तो सर उमर हयात खान यांच्याबरोबर विलायतेस गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. पुढे १९३२ आणि १९३३ साली पुन्हा. १९३०–३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने साक्षात कापाब्लांकाला हरवले. डावाच्या आरंभीचे पुस्तकी ज्ञान त्याच्यापाशी बेताचेच होते, आणि आरंभी ओढवलेल्या अडचणीतून तो मधल्या व शेवटच्या खेळाच्या बळावर बाहेर पडे. २०२४ साली ‘फिडे’ने त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर केले. हे उदाहरण मला नेहमी सांगितले जाते, आणि मी नेहमी विचारतो की ज्या घरी सुलतान खान जन्माला आला असेल त्या घरी पुस्तकांवर खर्च करू नये हे मान्य. आपल्या घरी तो आला आहे काय?

उलट विश्वनाथन आनंद यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. लहानपणी काही काळ ते मनिला येथे राहत होते. तेथील दूरचित्रवाणीवर बुद्धिबळाचा कार्यक्रम असे आणि प्रेक्षकांसाठी एक कोडे घालीत. ते शाळेत असताना आई कोडे उतरवून ठेवी, संध्याकाळी दोघे मिळून सोडवीत आणि उत्तर धाडीत. बक्षीस म्हणून पुस्तक मिळे. ही बक्षिसे इतकी झाली की अखेर तेथील लोकांनी त्यांना ग्रंथालयात नेऊन सांगितले, हवी तेवढी पुस्तके घेऊन जा, पण आता उत्तरे पाठवू नका! दूरचित्रवाणी हे त्या काळचे नवे साधन. त्यावरून आलेले बक्षीस मात्र पुस्तक. दोहोंचे वैर असते तर हे घडते ना.

हा सगळा विचार मला नव्याने करावा लागला तो गेल्या दिवाळीच्या सुमारास. आमच्या शेजारचे एक गृहस्थ वाळूजच्या कारखान्यात पाळीने काम करतात. त्यांची मुलगी आठवीत आहे, मराठी शाळेत. बुद्धिबळात तिची गती चांगली आहे. शालेय स्पर्धेत तालुक्यापर्यंत जाऊन आली आहे. बोनस हाती आला होता. ते येऊन म्हणाले, “सर, तिला पुस्तकं घेऊन देऊ, का वेगळा मोबाइल आणि त्या ॲपचं वर्षाचं सभासदत्व? दोन्ही जमायचं नाही.” त्यांच्या शेवटच्या वाक्याने प्रश्नाला धार आली. ज्यांना दोन्ही परवडते त्यांना हा प्रश्न पडतच नाही. ते दोन्ही घेतात, आणि पुष्कळदा दोन्ही पडून राहतात. येथे एका कुटुंबाची वर्षाची चैन पणाला लागली होती. आणि ती मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती.

माझा स्वभाव पाहता मी ‘पुस्तके’ असे तात्काळ म्हणावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण तसे म्हणण्यापूर्वी पुस्तकाचे एक मोठे वैगुण्य कबूल केले पाहिजे. पुस्तक खेळत नाही. बुद्धिबळ शिकावयास समोर माणूस लागतो, आणि तो आपल्याहून किंचित बरा लागतो. माझ्या लहानपणी मला दोन ओटे होते. ह्या मुलीला कोण आहे? ओटे गेले. छावणीत आता दोन-चार निवृत्त मंडळी चहाच्या हॉटेलात पट मांडून बसतात. तेथे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने जाऊन बसावे असे तिच्या घरी कोणाला वाटत नाही, आणि खरे बोलायचे तर त्या मंडळींनाही वाटत नाही. माझ्या ओसरीवर ती येते. पण सहा महिन्यांतच ती मला सरळ हरवू लागली, तेव्हा माझा उपयोग संपला. १९७४ साली भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. धाकट्या रोहिणीताईंनी १९८१ साली महिलांचे पहिले आशियाई अजिंक्यपद मिळवले. आणि मधल्या जयश्रीताईही त्याच तोडीच्या. तीन बहिणींच्या त्या घरात प्रतिपक्षी घरातच होता! छावणीतल्या ह्या मुलीला बहीण नाही.

मोबाइलने हिला प्रतिपक्षी दिला, आणि तो किती उदारपणे! रात्री जेवणे झाली की वडिलांचा मोबाइल हाती येतो आणि ब्राझीलमधला कोणी, पोलंडमधला कोणी, तिच्याच ताकदीचा, तिच्यासमोर येऊन बसतो. ती मुलगी आहे की मुलगा, तिचे वय काय, ती कोणत्या माध्यमात शिकते, हे तो विचारीत नाही. ज्या ओट्यावर तिला जागा नव्हती, तो ओटा तिच्या हातात आला. २०२० साली महामारीत सारे जग दारे लावून बसले असता ऑलिंपियाडसुद्धा ऑनलाइन भरवावे लागले. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता, आणि अंतिम सामन्यात नागपूरची दिव्या देशमुख आणि निहाल सरीन यांचे जोडणीच तुटल्यामुळे डाव गेले; पुढे भारत आणि रशिया यांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. हीच दिव्या जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तिचे वर्तमानपत्रातले चित्र आमच्या शेजारच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेले आहे. ‘नेट’वर बुद्धिबळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे सरसकट म्हणणाऱ्याने ते चित्र एकदा पाहून जावे.

मग तक्रार कसली? वडिलांची तक्रार सरळ होती: “रात्री बारापर्यंत सोडत नाही, आणि हरली की रडते.” मी तिच्याकडून गेल्या महिन्याचे डाव मागून पाहिले. शेकड्यांनी डाव होते, आणि बहुतेक सगळे तीन मिनिटांचे. तीन मिनिटांच्या डावात विचार करावयास सवड नसते. हाताला जी चाल आधीपासून ठाऊक असेल तीच होते. म्हणजे जे येत नाही ते तेथे शिकता येत नाही आणि जे चुकीचे येते ते मात्र घोटून पक्के होते. हरले की ‘आणखी एक’ आणि जिंकले तरी ‘आणखी एक’. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनाही हे व्यसन होतेच; पण त्यांना मोहरी पुन्हा मांडावी लागत. तेवढ्या मिनिटात तंबाखू मळून होई आणि मघाच्या डावात काय बिघडले यावर दोन शब्दही होत. येथे पट आपोआप मांडला जातो.

दुसरी गोष्ट इंजिनाची. डाव संपताच मोबाइल प्रत्येक खेळीचा निकाल सांगतो: ही उत्तम, ही चूक, ही घोडचूक, आणि बाजूला एक आकडा. तो आकडा बरोबर असतो, ह्यात मला तिळमात्र शंका नाही. ‘स्टॉकफिश’पुढे आज जगज्जेतासुद्धा टिकत नाही, आणि ते फुकट मिळते. सातपर्यंत मोहरी उरलेल्या स्थितींचा तर गणकयंत्रांनी २०१२ सालीच पुरता निकाल लावून ठेवला आहे. जुन्या ग्रंथकारांच्या पुष्कळ समजुती त्यात कोसळल्या. पण मी त्या मुलीला विचारले, “ही चाल घोडचूक का?” ती म्हणाली, “लाल दाखवतंय ना.” मला माझ्या लहानपणचे ‘बघ म्हणजे कळेल’ आठवले. फरक एवढाच की ओट्यावरचा म्हातारा कारण सांगत नसला तरी मला ते शोधू देत असे. इंजिन कारणही सांगत नाही आणि शोधायला अवधीही देत नाही.

कोड्यांचेही थोडे असेच आहे. कोडे पुढे आले की त्यात काही तरी दडले आहे हे आधीच कळलेले असते. प्रत्यक्ष डावात ‘आता येथे थांब, येथे काही आहे’ असे कोणी कानात सांगत नाही, आणि खरी विद्या तर तेथे थांबण्यात आहे. अर्थात हा दोष त्रिवेंगडाचार्यांच्या ग्रंथालाही लागू पडतो. पण त्यांची कूटे सोडवून संपत. मोबाइलवरची लाखो कोडी सोडवून कोणाची संपणार?

गुकेशची हकीकत ह्या संबंधात सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे वयाच्या अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. त्याचे गुरू विष्णु प्रसन्ना यांनी त्याचे गुणांकन २५००च्या आसपास पोचेपर्यंत त्याला इंजिनापासून दूर ठेवले होते. ज्या पिढीत दहा वर्षांची मुले इंजिन उशाशी घेऊन झोपतात, त्या पिढीतला हा मुलगा ग्रँडमास्टर होईपर्यंत स्वतःच्या डोक्याने हिशेब करीत राहिला. ही गोष्ट मी शेजाऱ्यांना मोठ्या उत्साहाने सांगितली. ते शांतपणे म्हणाले, “सर, त्याला गुरू होते.” ह्या उत्तराला माझ्याजवळ प्रत्युत्तर नव्हते आणि आजही नाही. ज्याच्या शेजारी गुरू बसलेला आहे त्याने यंत्र दूर ठेवणे निराळे, आणि ज्याच्या शेजारी कोणीच नाही त्याला ‘यंत्र दूर ठेव’ म्हणणे निराळे. पुस्तकाचा पुरस्कार करणारे आम्ही लोक ही गोष्ट सोयीने विसरतो.

तरीही शेवटी मी पुस्तकांच्याच बाजूने कौल दिला, आणि त्याला एक अगदी व्यावहारिक कारण होते. खेळायला प्रतिपक्षी, सोडवायला कोडी आणि तपासायला इंजिन, हे तिन्ही ‘लिचेस’ ह्या संकेतस्थळावर कोणतीही वर्गणी न घेता मिळते. फ्रान्समधील एक ना-नफा संस्था ते चालवते आणि त्यावर जाहिरातीही नाहीत. हे त्यांना ठाऊक नव्हते. जे फुकट मिळते त्यासाठी सभासदत्व कशाला? आणि घरात एक मोबाइल असणे हे मला उणे न वाटता बरेच वाटले. वडिलांची रात्रपाळी असली की तो घरात नसतो, आणि तेवढ्या संध्याकाळी पट उघडा राहतो. उरलेल्या पैशांत एक चांगला लाकडी पट, एक खिशात मावणारा लहान पट आणि दोन पुस्तके: एक चेर्नेव्हचे, एक डावाच्या अंतिम भागावरचे. डाव कसा उघडावा ह्यावरची पुस्तके मी कटाक्षाने वर्ज्य केली. ती पुस्तके झपाट्याने शिळी होतात, आणि त्या बाबतीत नेटवरील डावांचे भांडार पुस्तकाच्या शंभर पावले पुढे आहे. शिवाय अशा पुस्तकांतून मुलांना विचार लागत नाही, सापळे लावण्याची खोड मात्र लागते.

एक अडचण खरी होती, आणि ती वडिलांनीच काढली. पुस्तके इंग्रजी, मुलगी मराठी शाळेतली. मोबाइलवर तर हिंदीत समजावून सांगणारे पुष्कळ भेटतात. हा मुद्दा मला खोडता आला नाही. मराठीत बुद्धिबळावरची चांगली पुस्तके हाताच्या बोटांवर मोजावी अशी, हे आपले दैन्य आहे. म्हणून मी आठवड्यातून दोन संध्याकाळी तिच्याबरोबर वाचायला बसतो. मौज अशी की बुद्धिबळाच्या पुस्तकातले इंग्रजी दोनशे शब्दांपलीकडे जात नाही. हल्ला, बचाव, धमकी, दुबळे घर, मोकळी रांग एवढे शब्द ओळखीचे झाले की वाक्ये आपोआप उलगडतात. आणि खेळ्यांची अक्षरे-अंकांची भाषा तर कोणत्याच देशाची नव्हे. तिसऱ्या डावानंतर मी वाचणे सोडले. ती वाचते आणि मी तिकीट सरकवतो.

मोबाइल बंद केलेला नाही. रोज एक डाव, दोघांनाही निदान पंधरा मिनिटे मिळतील असा. तो डाव वहीत हाताने उतरवावयाचा, आणि जेथे आपण अडलो असे वाटते तेथे आपल्या शब्दांत मराठीत शेरा लिहावयाचा. इंजिन उघडावयाचे ते रविवारी, आठवड्याच्या सगळ्या शेऱ्यांसह. हे तिला आवडले असे मी म्हणणार नाही. पहिले पंधरा दिवस शेऱ्यांच्या जागी ‘घाई झाली’ एवढेच लिहिलेले असे. एकदा तर वहीच हरवली होती, ती गुरुवारच्या बाजारातून आणलेल्या भाजीच्या पिशवीत सापडली. तिचे गुणांकन वाढले का, असे वडील अधूनमधून विचारतात. थोडे उतरले आहे. तीन मिनिटांच्या डावांत ती हातांच्या चपळाईवर मिळवी ते गुण पंधरा मिनिटांच्या डावांत मिळत नाहीत. वडील काही बोलत नाहीत. पण पुस्तकांकडे पाहतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत किंमत दिसते.

गेल्या आठवड्यात मात्र एक गोष्ट घडली. राजाने किल्लेबंदी केल्यावर त्याच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे विनाकारण एक घर पुढे टाकू नये, ह्यावर चेर्नेव्हचा फार कटाक्ष. डावामागून डाव तो त्या खेळीला झोडपीत सुटतो. मुलीने त्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते, “पण का? मी हे प्यादे टाकले म्हणून मात वाचली.” आणि खाली आपल्या वहीतल्या डावाची तारीख. मी तो डाव काढून मांडला. तिचा राजा खरोखरच शेवटच्या रांगेत कोंडून मेला असता. त्या प्यादाने त्याला पळावयास वाट करून दिली होती. मी लेखकाचा पक्ष घेतला: त्याच प्यादामुळे तुझ्या राजापुढे भोक पडले, आणि पाच खेळ्यांनंतर समोरच्या उंटाने ते हेरले. ती म्हणाली, “पण आजोबा, त्यानं हेरलंच नाही ना!” मी म्हणालो, “तो पोलंडचा झोपेत होता.” मग आम्ही उंटाची चाल घालून पाहिली, तिला बचाव सापडला, मला त्यावर हल्ला सापडला, तिला पुन्हा बचाव. दिवे लागले तरी निकाल लागेना. वडील पाळीवरून आले, आणि दोन पटांवर झुकलेल्या आम्हा दोघांकडे पाहून म्हणाले, “अगं, मोबाइलला विचार ना, एका मिनिटात सांगेल.”

तिने मान वर न करताच सांगितले, “आज शुक्रवार आहे, बाबा.” मोठा पट तसाच माझ्या ओसरीवर ठेवून, त्यावरची स्थिती लहान पटावर मांडून घेऊन ती घरी गेली आहे. मला वाटते, हत्ती आधी मधल्या रांगेत आणला तर तिचा बचाव फुटतो. पण तिने तेही पाहिले असावे.